शब्द सांगायचा नाही

मला गप्प बसण्याचा पगार मिळत होता, असं मी म्हटलं की आमचे हे चहाचा कप खाली ठेवून हसतात. "तुला? गप्प बसण्याचा?" म्हणतात. हसू देत बापडे. पण माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम खरोखर तेच होतं. मला ते थोडंफार जमलं. दुसऱ्यांना शिकवायला गेले तिथे मात्र मी हात टेकले.

नोकरी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सांगलीच्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी चेन्नईत कुठल्याशा बालवाडीत होते. आमची एक छोटी संस्था होती. चौथी-पाचवीपर्यंत पोचूनही ज्यांना वाचता येत नाही अशा मुलांना वाचायला शिकवायचं, एवढंच तिचं काम. अशी मुलं असतात का, असं लोक विचारतात. असतात, आणि पुष्कळ असतात. फळ्यावरचं ती सुबक उतरवून घेतात, पण ते चित्र काढल्यासारखं. संस्थेकडे ना इमारत ना शिक्षक. म्हणून माझं काम असं, की ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्याकडे जागा मागायची आणि ज्यांच्याकडे दुपार मोकळी आहे त्यांच्याकडे दुपार. तांबरमला एका चर्चचा व्हरांडा, शोळिंगनल्लूरला फ्लॅटवाल्यांचा क्लबहाउस, अंबत्तूरला आमच्या मराठी मंडळाचा हॉल. निवृत्त माणसं, घरी असणाऱ्या बायका, कॉलेजची मुलं यांना मी शिकवायचं आणि त्यांनी मुलांना.

या कामात मी पडले त्याला कारण आहे. लग्न होऊन इथे आले तेव्हा मी बी. ए. झालेली बाई एका रात्रीत अंगठेबहाद्दर झाले. बसची पाटी वाचता येईना. दुकानाचं नाव वाचता येईना. शेवटी शेजारच्या पोरीचं पहिलीचं पुस्तक घेऊन बसले. क आणि ल्, कल्, म्हणजे दगड. प आणि ल्, पल्, म्हणजे दात. 'प'ला 'पा' केला की पाल्, म्हणजे दूध. आवाज आवाजाला जोडायचा आणि शब्द तोंडातून बाहेर पडला की आपणच दचकायचं. वाचणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मराठी मी वाचायला कधी शिकले ते आठवतच नव्हतं.

पुढे संस्थेत आल्यावर समजलं, की जगभर मुलांना तपासून तपासून हेच दिसलंय. अक्षराचा आवाज शिकवा, आवाज जोडायला शिकवा, आणि मुलाला चित्र बघून अंदाज करू देऊ नका. पुस्तकात गाईचं चित्र आणि खाली 'पसु' असं लिहिलेलं. तमिळ मूल चित्र बघतं आणि बिनदिक्कत 'माडु' म्हणतं. दोन्हीचा अर्थ गायच. आमच्या मंडळाचे अध्यक्ष मुजुमदारसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले, मोठे सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "शुभाताई, गाय तर गाय! काय बिघडलं?" मी म्हटलं, "साहेब, चेकवर एक नाव असताना तुम्ही दुसरं वाचलं असतं तर?" तेव्हा कुठे त्यांना पटलं.

मूल खरंच वाचतंय की आठवून म्हणतंय, हे ओळखायला आम्ही बनावट शब्द वापरत असू. नेपू. वोमा. ज्यांना काही अर्थच नाही असे. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअरवाल्या बापाला याचा फार राग आला होता. "मॅडम, जो शब्द जगात नाही तो माझ्या मुलानं का वाचावा?" म्हणून त्यानं फोनवर शब्दकोश उघडून मला दाखवलं, की बघा, नाहीये. मी म्हटलं, "अहो, म्हणूनच!" तो पुन्हा आला नाही. बायको मात्र मुलाला घेऊन येत राहिली.

आता त्या गप्प बसण्याबद्दल. मूल शब्दावर अडलं की शब्द सांगायचा नाही, हा आमचा पहिला नियम. थांबायचं. फार तर पहिल्या अक्षरावर बोट ठेवायचं. मूल घामाघूम होतं, ओठ चावतं, खिडकीबाहेर बघतं. बघू द्या. तो शब्द त्याचा त्याला फुटला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. आपल्याकडे सगळं शिक्षण 'माझ्या मागून म्हणा'चं. आरती तशी, पाढे तसे, स्तोत्रं तशी. पुढच्यानं म्हणायचं, मागच्यांनी ओढायचं. त्यातून आपण माया करणारी माणसं. पाहुण्याच्या पानात वाटी रिकामी दिसली की वाढायला धावतो, तसंच अडलेल्या पोराला शब्द वाढायला धावतो. माझ्या सगळ्या केंद्रांत तापट माणसं उत्तम शिकवायची आणि प्रेमळ माणसं सगळा घोटाळा करायची.

सगळ्यात प्रेमळ होत्या आमच्या कावेरीअक्का. अंबत्तूरच्या हॉलवर रोज दुपारी यायच्या. अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या, कैक पिढ्या इकडेच. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तीत निम्मं तमिळ, आणि चाल तर सगळी तमिळच. नव्यानं आलेल्या आमच्या पुण्या-मुंबईच्या बायकांना ती कळायची नाही, मला मात्र ऐकत बसावीशी वाटायची. त्यांचा आवडता शब्द 'पावम्', म्हणजे बिचारं. मी रागावले की म्हणायच्या, "शुभा, लेंकरूं पावम् अडकलं तर मी कशी गप्प बसूं? मज जमत नाही, बाई." पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. आणि त्यांच्या सगळ्या पोरांत लाडकी होती कयल.

कयल पाचवीत होती. पूर्ण नाव कयलविळी, म्हणजे मासोळीसारख्या डोळ्यांची, आणि होतीही तशीच. वडील सेल्वम औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर, आई कपडे शिवायच्या कंपनीत. दोघांनाही लिहिता-वाचता बेताचंच यायचं. आदल्या वर्षी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात कयलनं स्टेजवर गोष्ट वाचली होती. काय ती वाचली! आगगाडी सुटावी तशी. सेल्वम कामाच्या कपड्यांतच मागे उभा होता, तो डोळे पुसत होता. अक्का पहिल्या रांगेत. मंडळाच्या ग्रुपवर तिचा व्हिडिओ फिरला आणि मुजुमदारसाहेबांनी तो बंगळूरपर्यंत पोचवला.

यंदा पोंगल झाल्यावर अक्कांनी दाढ काढली. गाल टम्म सुजला. घरी बसा म्हटलं तर बाई ऐकते कुठली! तोंडावर पदर धरून हॉलवर आल्या. मी त्या दिवशी तिथेच होते. कयलनं पुस्तक उघडलं आणि गप्प बसली. पुस्तकाकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, परत पुस्तकाकडे. मग मान वाकडी करून ती पदराच्या खालून अक्कांचं तोंड दिसतंय का ते बघायला लागली. मी तिला जवळ बोलावून साधा 'कल्' दाखवला. तिनं पानावर चित्र शोधलं. चित्र नव्हतं. तिला 'कल्' वाचता आला नाही.

पोरगी अक्कांचे ओठ बघून बोलत होती. अर्धं पाठ आणि अर्धं ओठ. मी तपासायला जायचे तेव्हाही अक्का समोरच बसलेल्या असत, बनावट शब्दही त्यांच्या ओठांवरूनच तिला मिळत असणार. अक्कांना मागच्या खोलीत नेऊन सांगितलं तेव्हा त्या सुजऱ्या गालावर हात ठेवून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "ऐयो शुभा, ती माझी भजनाची संवय गं. पुढची ओळ मी ओठांनीच म्हणतें. मागच्यांस सोपं जातं." त्यांच्या भजनमंडळात वर्षानुवर्षं त्या पुढे बसून असंच करत आल्या होत्या. आवाज न काढता ओठ हलवायचे, की मागच्यांना ओळ मिळते. त्यांच्या हिशेबी त्यांनी नियम पाळला होता. एक शब्द सांगितला नव्हता. मग त्या रडायला लागल्या. दाढेपेक्षा हे जास्त दुखलं असणार.

खरा प्रश्न पुढेच होता. जूनमध्ये कयल सहावीला मोठ्या शाळेत जाणार होती. तिथे इतिहास, विज्ञान, गणित, सगळं वाचूनच करायचं. तिथे तिला 'कल् वाच बाळा' म्हणत कोण बसणार होतं? तिच्या हातात उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतचे दिवस होते, आणि आम्ही दोघी होतो. त्यात शिकली तर शिकली.

अक्कांनी कमाल केली. समोर बसायचं सोडून त्या कयलच्या शेजारी, जरा मागे बसायला लागल्या. वर तोंडात वेलदोडा धरायच्या, म्हणजे ओठ मिटलेले राहतात. कयल आधी फार चिडली. पहिलीच्या पोरांचे शब्द तिच्यापुढे ठेवलेले तिला सहन होईनात. एक दिवस पुस्तक फेकलं, दोन दिवस आलीच नाही. अक्का घरी जाऊन घेऊन आल्या. हळूहळू सुरू झालं. प, ल्, पल्. न, आ, य्, नाय्, म्हणजे कुत्रा. एका दुपारी मी तिच्यापुढे 'नेपू' ठेवला. तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला आणि विचारलं, "टीचर, नेपू म्हणजे काय?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"असा शब्दच नाही?"

"नाही."

तिनं परत त्या शब्दावर बोट ठेवलं. "मग हा मला कोणी सांगितलेला नाही. मीच वाचला!" आणि अशी हसली म्हणून सांगू! अक्कांनी आनंदाच्या भरात वेलदोडा गिळला आणि ठसका लागून त्यांचा जीव जायची वेळ आली. त्या दिवसाइतकी खूश मी त्या नोकरीत दुसऱ्या कुठल्याच दिवशी झाले नाही.

पण इथे धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना समजावून सांगायला हवी. खोटं वाचन ऐकायला छान लागतं आणि खरं वाचन सुरुवातीला ऐकवत नाही. अडखळत, अक्षर अक्षर ओढत, मध्येच मागे जात. चालायला शिकणारं मूल चार वेळा पडतं, तसंच हे. मला त्यात सोनं दिसायचं. ज्याला माहीत नाही त्याला वाटणार, पोर मठ्ठ आहे.

पाडवा जवळ आला आणि मुजुमदारसाहेबांनी कार्यक्रमपत्रिकेत कयलचं नाव टाकलं. मी म्हटलं, "यंदा नको. ती आत्ता कुठे वाचायला लागलीय." ते म्हणाले, "म्हणजे? गेल्या वर्षी काय करत होती?" मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग असं करा, पाठ करून घ्या की. लोकांना काय कळतंय? पाहुणे येणार आहेत, दुसऱ्या वस्त्यांतले लोक येणार आहेत. आपलं बघून तेही केंद्र काढतील." मी म्हटलं, "साहेब, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आत्ता कुठे तिच्या आडाला पाणी लागतंय, त्यात परत पोपटपंची नको." आमचं चांगलंच वाजलं. शेवटी कयलच म्हणाली, "मी वाचीन. हळू वाचीन." अक्का तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. "वाचूं दे तिला. मी समोर बसत नाही. मी हॉलांतच येत नाही."

आणि खरंच, कार्यक्रमाच्या वेळी अक्का बाहेर चपला काढतात तिथे पायरीवर जाऊन बसल्या.

गोष्ट मी लिहिली होती, चार-सहा वाक्यांची. एक शेळी लोकलमध्ये चढून तांबरमला जाते. कयलनं ती आधी पाहिलेली नव्हती. हॉल भरलेला, गुढी उभारलेली, बायका नऊवाऱ्या नेसून आलेल्या, निम्म्या प्रेक्षकांचं लक्ष श्रीखंडाकडे. कयलनं कागद धरला. "आ... डु. आडु." म्हणजे शेळी. "र... यि... ल्. रयिल. ए... एरि... एरियदु." शेळी रेल्वेत चढली. बरोबर! मी मुठी आवळून बसले होते. दुसरं वाक्यही तसंच झालं. कोणीतरी खाकरलं. तिसऱ्या वाक्यात 'ताम्बरम' आला. ती 'ता' म्हणून थांबली. बोट पुढच्या अक्षरावर होतं, मला दिसत होतं. अजून एक क्षण, आणि शब्द फुटला असता.

"ताम्बरम!" पहिल्या रांगेतून एक काकू म्हणाल्या. अगदी मायेनं.

कयलनं वर पाहिलं. "ताम्बरम," ती म्हणाली. पुढच्या शब्दावर तिनं कागदाकडे पाहिलं, पण तिसऱ्या रांगेतून कोणीतरी आधीच म्हणून टाकलं. मग काय विचारता! तमिळ येणारे सगळे पुढे सरसावले. गोष्ट सोपी, अंदाज करता येण्यासारखी. मी उभी राहून दोन्ही हातांनी 'गप्प राहा, गप्प राहा' अशा खुणा करत होते. लोकांना वाटलं, मी ताल देतेय. अख्खा हॉल एका सुरात शब्द पुरवायला लागला, आणि कयलनं कागद खाली केला. ती लोकांच्या तोंडाकडे बघत होती आणि त्यांच्या मागून म्हणत होती. गोष्ट भराभर संपली. टाळ्या थांबेनात.

मुजुमदारसाहेब माईकवर आले. "बघा, आज सगळ्यांनी मिळून वाचलं! यालाच म्हणतात समाजाचा सहभाग!" म्हणाले. त्यांच्यावर रागवावं तरी कसं? गेली कित्येक वर्षं मी याच लोकांच्या दारात जाऊन 'सहभाग द्या हो' म्हणत होते. तो त्यांनी दिला होता.

सेल्वम चपलांपाशी भेटला. या वर्षी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. फार अदबीनं बोलला. "टीचर, उद्यापासून कयल येणार नाही. आमच्या गल्लीत एक सर ट्यूशन घेतात, तिकडे पाठवतो." मी त्याला सगळं सांगितलं. गेल्या वर्षी ती वाचत नव्हती, यंदा वाचतेय, पहिली दोन वाक्यं तिनं एकटीनं वाचली, ती दोन वाक्यं गेल्या वर्षीच्या अख्ख्या गोष्टीहून मोठी आहेत. सांगता सांगता माझा आवाज चढला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं असेलही. पण टीचर, तुम्हीच पहिल्या दिवशी आम्हाला सांगितलं होतं, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः बघा. मी दोन्ही वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. गेल्या वर्षी ती एकटी वाचत होती. या वर्षी सगळ्या हॉलला सांगावं लागलं."

अक्का पायरीवरून उठून त्याला म्हणाल्या, "अप्पा, दोन महिने दे. फक्त दोन महिने." त्यानं त्यांच्यापुढे हात जोडले आणि मुलीला घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात अक्का दोनदा त्याच्या घरी जाऊन आल्या. दोन्ही वेळा कॉफी पिऊन, रिकाम्या हातानं परतल्या.

मला रुखरुख लागते ती एवढीच. त्या काकूंचं नाव मला माहीत आहे, त्या माझ्याकडे हळदीकुंकवाला येतात. त्यांनी काही कोणाचं घोडं मारलेलं नाही. त्यांना आजही वाटतं की त्यांनी त्या दिवशी एका गरीब मुलीची लाज राखली. मी त्यांना काही सांगितलेलं नाही, कारण सांगून आता कयलला काय मिळणार? एक श्वास घेण्याइतका वेळ थांबायचं होतं. सगळ्या हॉलमध्ये तेवढं थांबणारी माणसं दोन होती, त्यातली एक बाहेर चपलांपाशी बसली होती.

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या आठवड्यात सेल्वम हॉलवर आला. बरोबर कयल, हातात पालकोव्याचा, म्हणजे इकडच्या खव्याच्या मिठाईचा, डबा. कयल पाचवी चांगल्या मार्कांनी पास झाली होती, मोठ्या शाळेत नाव घातलं होतं. त्याला आमचे आभार मानायचे होते. मनापासून मानायचे होते, तोंडदेखले नव्हेत. "सुरुवात तुम्ही करून दिली," तो म्हणाला. कयलनं आम्हा दोघींना वाकून नमस्कार केला. अक्कांनी तिला जवळ घेतलं. दोन महिन्यांत उंच झाली होती पोरगी.

मी तिला विचारलं, "तिकडे वाचायला जमतं का गं?"

ती हसली. मला बरं वाटावं म्हणूनच बोलली बिचारी. "तिकडे वाचायला लागतच नाही, टीचर. सर सगळं पाठ करून घेतात."

सेल्वम कौतुकानं तिच्याकडे बघत होता. त्यानं डबा पुढे केला. मी पालकोव्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि 'शाब्बास' म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?